लहान नर्सिंग होम (इंदूर): कशासाठी निवडावं, कशासाठी टाळावं

रामबागवाला
इथे दर आठ-पंधरा दिवसांनी एक प्रश्न येतोच: रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागातलं अमुक नर्सिंग होम कसं आहे? उत्तरं दोनच येतात, 'डॉक्टर देवमाणूस आहेत' आणि 'चुकूनही जाऊ नका'. विचारणाऱ्याला यातलं एकही कामाचं नसतं. दहा-वीस खाटांची जागा एका आजाराला उत्तम आणि दुसऱ्याला धोक्याची असू शकते. म्हणून कुणाचंही नाव न घेता, काय बघायचं आणि का, एवढंच या धाग्यात लिहूया.

माझं मत आधी मांडतो. काम ठरलेलं असेल, दिवसा होणारं असेल आणि एकाच डॉक्टरच्या हातातलं असेल, म्हणजे हर्निया, मूळव्याध, हाताच्या हाडाचं प्लास्टर, तापात दोन-तीन दिवस सलाईन, तर लहान जागा बरी पडते. सकाळ-संध्याकाळ तेच डॉक्टर येतात, कालचा रुग्ण त्यांना आज आठवतो, घरचा डबा चालतो आणि बिलात दहा विभागांचे दहा चार्ज लागत नाहीत. पण रात्री दोन वाजता दुसरा तज्ज्ञ, रक्त किंवा व्हेंटिलेटर लागण्याची शक्यता असेल, तर तिथे जाऊ नये. मग डॉक्टर कितीही ओळखीचे असोत.

पहिली तपासणी भिंतीवरची. मध्य प्रदेशात खासगी नर्सिंग होमची नोंदणी १९७३ च्या उपचर्यागृह अधिनियमाखाली सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) कार्यालयात होते. ते प्रमाणपत्र रिसेप्शनजवळ लावलेलं हवं. मुदत संपली आहे का ते बघा, आणि नोंदवलेल्या खाटा किती नि प्रत्यक्षात मांडलेल्या किती तेही मोजा. नोंद १५ ची आणि खाटा २२ असतील, तर वाढीव खाटांसाठी नर्स, ऑक्सिजन आणि संडास वाढवलेले नसतात. सगळा ताण आहे त्यांच्यावरच पडतो.

वॉर्डसिस्टर
दिवसा बघून फारसं कळत नाही, कारण दिवसा सगळेच हजर असतात. रात्री साडेदहानंतर एक चक्कर मारा. एका मजल्यावर बारा रुग्ण, एक नर्स आणि एक आयाबाई असेल, तर एक रुग्ण बिघडला की उरलेल्या अकरांकडे बघायला कुणी उरत नाही. लहान जागेतला हा सगळ्यात मोठा दोष आहे. भिंतींना नवा रंग आणि खोलीत टीव्ही लावून तो भरून निघत नाही.

सलाईनच्या बाटलीकडे नीट बघा. साध्या सेटमध्ये २० थेंब म्हणजे १ मिली. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत. बाटलीवर चिकटपट्टी लावून सुरू केल्याची आणि संपायची वेळ लिहिलेली असेल, तर तिथे कुणीतरी हिशेबाने काम करतंय. नातेवाईकच चाकी फिरवून थेंब कमी-जास्त करत असतील, तर रात्री खोलीत कुणी येत नाही असं समजा. हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर तेवढ्याने फुप्फुसात पाणी होतं.

हातातल्या सुईवरच्या पट्टीवर तारीख हवी. तीन-चार दिवस झाले, किंवा त्याआधीच शीर लाल झाली, दुखायला लागली, तर सुई काढून दुसरीकडे लावायची. 'अजून चालतेय ना' म्हणून ठेवली की शीर सुजते, ताप येतो आणि मुक्काम दोन दिवस वाढतो.

आणि औषधांचा ट्रे. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची कुपी दिसायला थेट डिस्टिल्ड वॉटरसारखी. घाईत ती पाणी समजून शिरेत गेली तर हृदय बंद पडतं. चांगल्या ठिकाणी ती वेगळ्या डब्यात, लाल चिठ्ठी लावून, ट्रेपासून लांब ठेवलेली असते. बाहेरच्या माणसाने ट्रेला हात लावू नये, पण 'पोटॅशियम कुठे ठेवता' हे नम्रपणे विचारता येतं. नीट काम करणारी सिस्टर लगेच बोट दाखवते.

सुदामानगर_ताई
ताई, नर्स शिकलेली आहे की जागेवर तयार झालेली, हे कसं ओळखायचं? गणवेश तर सगळ्यांचा सारखाच असतो.

वॉर्डसिस्टर
गणवेशावरून नाहीच कळत. 'नर्स आहे का' असं विचारलं तर उत्तर 'हो' हेच येणार. त्याऐवजी 'रात्रीच्या पाळीला जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग किती जणी?' असं विचारा. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बी.एस्सी. ही पदवी चार वर्षांची. एएनएम दोन वर्षांचं, त्यांचा भर माता-बाल आरोग्यावर आणि गावातल्या कामावर असतो. जागेवर शिकलेली मुलगी बीपी-ताप छान घेते, सुईसुद्धा लावते. अडतं ते आकड्यांचा अर्थ लावताना. नाडी ८८ वरून ११० आणि मग १२६ झाली, बीपी अजून ठीक दिसतंय, पण लघवी कमी झाली आहे, हे तिन्ही एकत्र वाचून रात्री डॉक्टरांना उठवायला शिक्षण लागतं.

खाटेजवळचा तक्ता बघितला तरी पुष्कळ कळतं. रात्रभर दर चार तासांनी बीपी बरोबर १२०/८० आणि श्वास प्रत्येक वेळी २० लिहिला असेल, तर तो मोजून लिहिलेला नाही.

भूल_आणि_जाग
ऑपरेशनचं म्हणत असाल तर थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्जन कोण हे सगळे विचारतात आणि भूल कोण देणार हे कुणी विचारत नाही.

लहान नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. यात गैर काही नाही, एकच माणूस चार ठिकाणी काम करून भरपूर अनुभवी असतो. प्रश्न येतो ते निघून गेल्यावर. ऑपरेशन दुपारी साडेबाराला संपलं, भूलतज्ज्ञ एकला पुढच्या ठिकाणी गेले, आता रुग्णाच्या घशाकडे आणि श्वासाकडे कोण बघणार? भूल उतरताना जीभ मागे पडणं, उलटी श्वासनलिकेत जाणं, वेदनाशामकामुळे श्वास मंदावणं, हे सगळं पहिल्या तासा-दोन तासांत होतं. म्हणून विचारा: रिकव्हरीसाठी, म्हणजे भूल पूर्ण उतरेपर्यंत ठेवायला, वेगळी खाट आहे का, तिथे पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र) आहे का आणि एक नर्स सलग बसणार का? थेट खोलीत नेऊन नातेवाइकांना 'झोपू देऊ नका' सांगणारी जागा पूर्ण भुलेच्या ऑपरेशनला घेऊ नये.

यंत्रांपैकी एकच विचारायचं असेल तर कॅप्नोग्राफ विचारा. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तो दाखवतो. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली तर त्याची रेघ काही श्वासांतच सपाट होते. बोटावरच्या ऑक्सिमीटरला तीच गोष्ट कळायला कित्येकदा काही मिनिटं लागतात, आणि तोवर मेंदूचं नुकसान सुरू झालेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये तर पोटात हाच वायू भरतात, तिथे कॅप्नोग्राफशिवाय भूल देऊच नये.

उपाशी राहण्याच्या सूचना लहान ठिकाणी बऱ्याचदा तोंडी आणि ढोबळ असतात, 'रात्रीपासून काही नको' अशा. साधारण नियम असा: हलकं जेवण आणि दूध भुलेआधी ६ तास बंद, तळलेलं-जड ८ तास, साधं पाणी २ तास. बीपीच्या कोणत्या गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि कोणत्या टाळायच्या हे लिहून मागा. मधुमेहाला डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन सुरू असेल तर ते साधारण तीन दिवस आधी बंद करावं लागतं, आपल्या फिजिशियनना विचारूनच. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या ठिकाणी भूलतज्ज्ञांची वेगळी ओपीडी असते, तिथे हे पकडलं जातं. इथे बहुधा ऑपरेशन टेबलाजवळच पहिली भेट होते. आदल्या दिवशी पाच मिनिटं फोनवर तरी बोलणं करून द्या असा आग्रह धरा.

निर्जंतुकीकरणाबद्दल एकच. हत्यारांच्या ड्रमवरच्या पट्टीच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे तो ड्रम ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) जाऊन आला, एवढंच सिद्ध होतं. आतली हत्यारं १२१ अंशांवर पुरेसा वेळ राहिली का, हे सांगायला ड्रमच्या पोटात ठेवलेली वेगळी पट्टी लागते. ड्रम ठासून भरला असेल तर मधोमध वाफ पोचतच नाही.

गेज_आणि_व्हॉल्व्ह
ऑक्सिजनचा हिशेब प्रत्येकाला करता यायला हवा, सोपा आहे. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १५०० लिटर, मोठ्या डी-टाइपमध्ये सुमारे ७०००. मिनिटाला १० लिटर लागत असतील तर लहान सिलिंडर अडीच तास, मोठा साडेअकरा तास. गेज १५० ऐवजी ७५ वर असेल तर यातलं निम्मंच उरलेलं आहे. हाय-फ्लोवर (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर) रुग्ण मिनिटाला ५० लिटर ओढत असेल तर मोठा सिलिंडर सव्वादोन-अडीच तासांत रिकामा होतो. म्हणून ज्यांच्याकडे मोजकेच मोठे सिलिंडर आहेत त्यांनी दमा, न्यूमोनियाचा गंभीर रुग्ण रात्री ठेवून घेऊ नये. त्यांच्या मनात कितीही असलं तरी गणित बसत नाही.

पाना कुठे आहे तेही बघा. सिलिंडर बदलायचा पाना साखळीने तिथेच अडकवलेला हवा. रात्री तीनला पाना शोधण्यात चार मिनिटं जातात. ऑक्सिजनच्या जोडाला तेल-ग्रीस लावायचं नसतं, आग लागते.

वीज गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला थोडा वेळ जातोच. तेवढ्या वेळासाठी ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) दिवा, मॉनिटर आणि सक्शन यूपीएसवर हवेत. पायाने चालणारा सक्शन पंप कोपऱ्यात असेल तर ती जागा मला आवडते.

आगीबद्दल मुद्दाम लिहितो. ऑगस्ट २०२२ मध्ये जबलपूरच्या एका खासगी हॉस्पिटलात आग लागून आठ जण गेले. बाहेर पडायची वाट एकच होती आणि आग प्रवेशाच्याच बाजूला होती. आपल्याकडची कित्येक नर्सिंग होम जुन्या राहत्या घरांत आहेत: जिना अरुंद, जिन्याखाली इन्व्हर्टर, दाराशी जनरेटर, मागच्या दाराला कुलूप आणि तिथे जुन्या गाद्यांचा ढीग. दुसरा जिना शोधा, त्याचं दार ढकलून बघा. स्ट्रेचर वळणावर मावतो का ते डोळ्यांनी मोजा. लिफ्ट चार माणसांची असेल तर तिच्यात झोपवलेला रुग्ण बसत नाही. मग ओटी वरच्या मजल्यावर का आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

विजयनगरचा_वाचक
एवढं सगळं तपासायचं त्यापेक्षा सरळ मोठ्या हॉस्पिटलात गेलेलं काय वाईट? तिथे हे सगळं असतंच.

भूल_आणि_जाग
असतं, आणि म्हणूनच ज्याला ते लागणार आहे त्याने तिथेच जावं. पण ३५ वर्षांच्या निरोगी माणसाच्या हर्नियाला त्यातलं काहीच लागत नाही. तिथे दर आठ तासांनी ड्यूटी डॉक्टर बदलतात, प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाताना औषध राहून जातं. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतूही मोठ्या आयसीयूंच्या आसपास जास्त. लहान ठिकाणी टाके दुखले तर ज्यांनी घातले तेच संध्याकाळी उघडून बघतात, हा फायदा खरा आहे. ६५ च्या पुढचा, मधुमेह आणि हृदयविकार असलेला माणूस असेल तर हेच हर्नियाचं ऑपरेशन मी लहान जागेत सुचवणार नाही.

तिलकनगर_४
बाळंतपणाचं काय? आमच्या भागात बहुतेक जणी जवळच्या मॅटर्निटी होमलाच जातात.

वॉर्डसिस्टर
बाळंतपण हा यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे, कारण नव्वद टक्के वेळ सगळं सुरळीत होतं आणि उरलेल्या वेळी मिनिटांचा खेळ असतो.

बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची १० युनिट मांडीत द्यायची असतात, रक्तस्राव रोखायला. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात ट्रेमध्ये पडून राहिलेली कुपी दिसायला तशीच, पण गुण गेलेला. म्हणून लेबर रूमचा फ्रिज बघा: आत थर्मामीटर आणि दारावर रोजचे आकडे लिहिलेला कागद हवा. पाण्याच्या बाटल्या नि टिफिन आत असतील तर दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं, तापमान राहत नाही.

रक्त किती गेलं याचा अंदाज डोळ्यांनी नेहमी कमीच होतो. भिजलेले पॅड वजन करून बघितले, कोरड्याचं वजन वजा केलं, की १ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिली. अर्धा लिटर गेलं की धावपळ सुरू व्हायला हवी. रक्ताचा प्रश्न इथेच येतो: लहान ठिकाणी रक्तपेढी नसते. नमुना पाठवणं, जुळवणी, पिशवी आणणं यात शहरातसुद्धा दीड-दोन तास सहज जातात. रक्तगट आणि हिमोग्लोबिन नवव्या महिन्यातच पुन्हा तपासून ठेवा. गट निगेटिव्ह असेल तर आधीच रक्तपेढीशी बोलून ठेवा. पिशवी आणायला घरच्यांनाच पाठवतात, म्हणून सांगते: थंड डब्यातूनच आणा, वाटेत चहाला थांबू नका, आणि ती लवकर गरम व्हावी म्हणून कुणी गरम पाण्यात धरली तर थांबवा, त्यात रक्तपेशी फुटतात. फ्रिजबाहेर आल्यावर अर्ध्या तासात लावायची, चार तासांत संपवायची. पहिली पंधरा मिनिटं नर्सने जवळ उभं राहायचं.

बाळासाठी विचारा: बाळंतपणाच्या वेळी बालरोगतज्ज्ञ खोलीत असतात की फोनवर? रडलं नाही तर पहिल्याच मिनिटात पिशवी-मास्कने श्वास द्यावा लागतो. नवजात बाळाच्या मापाचे दोन मास्क, वॉर्मर आधीच तापवून ठेवलेला, आणि पिशवी-मास्क वापरता येणारी एक व्यक्ती, एवढं हवंच. आधीचं सिझेरियन, जुळी, वार खाली असणं, बीपी वाढलेलं, ३४ आठवड्यांच्या आधीच्या कळा, यांत जवळचं घर बघू नका. नवजात अतिदक्षता असलेल्या ठिकाणीच जा. शासकीय म्हणाल तर एमटीएच (महाराजा तुकोजीराव होळकर रुग्णालय) त्यासाठीच आहे.

क्लेमवाले_काका
विम्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. '१५ खाटा नाहीत म्हणून क्लेम नामंजूर' असं ऐकून लोक घाबरतात. पॉलिसीतली व्याख्या नीट वाचा. जागा त्या-त्या राज्याच्या कायद्याखाली नोंदलेली असेल, ज्यात आपला १९७३ चा कायदाही येतो, तर ती रुग्णालय ठरते. नोंदणी नसेल तेव्हा किमान निकष लागतात: दहा लाखांपेक्षा मोठ्या शहरात १५ खाटा, लहान गावात १०, चोवीस तास डॉक्टर आणि शिकलेली नर्स, स्वतःची ओटी, रोजच्या नोंदी. म्हणजे इंदुरात बारा खाटांच्या नर्सिंग होमला नोंदणी प्रमाणपत्र हाच आधार. त्याची प्रत दाखल होतानाच घ्या. डिस्चार्जनंतर मागायला गेलं की 'मॅनेजर आले की देऊ' सुरू होतं.

लहान ठिकाणचे क्लेम अडकतात ते कागदांवर. बिलावर क्रमांक नाही, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नाही, केसपेपरवर वेळा नाहीत, दाखल झाल्याची तारीख खोडून वर दुसरी लिहिलेली, पैसे भरल्याची पावती साध्या कागदावर. जाळी किंवा रॉड बसवला असेल तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवलेला हवा. पित्ताशय, गाठ काढली असेल तर तपासणीचा रिपोर्ट लागतो. हे सगळं घरी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तपासा. केसपेपरची प्रत लेखी मागितली तर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते.

खोलीभाड्याचं गणितही समजून घ्या. तीन लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोजचे ३००० असेल, आणि तुम्ही ४५०० ची खोली घेतली, तर जादाचे १५०० कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, ओटी, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापतात: ६०,००० चे ४०,००० मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. लहान नर्सिंग होमचा मोठा फायदा इथे आहे, त्यांची स्वतंत्र खोलीसुद्धा बहुधा मर्यादेत बसते. कॅशलेससाठी ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कंपनीला कळवा, त्यांच्या यादीत नसलेल्या ठिकाणीही आता विचार होतो.

सुदामानगर_ताई
डेंगीच्या दिवसांत लहान ठिकाणी ठेवावं का? प्लेटलेट रोज करतात.

वॉर्डसिस्टर
ताप उतरल्यावरचे २४ ते ४८ तास सांभाळायचे असतात. घरचे तेव्हाच खूश होऊन डिस्चार्ज मागतात. नुसत्या प्लेटलेट मोजून कळत नाही, हिमॅटोक्रिटही (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) बघावा लागतो. तो चढत असेल तर पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतंय. पोटदुखी, सतत उलट्या, हातपाय गार, लघवी कमी, यातलं काही दिसलं की हलवायची तयारी ठेवा.

रक्तनमुना कधी उचलतात तेही विचारा. लहान ठिकाणी लॅब बाहेरची, मुलगा दिवसातून दोनदा येतो. नमुना तीन तास पडून राहिला तर साध्या नळीतली साखर कमी येते, पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, आणि मग नसलेल्या आजारावर उपचार होतात. साखरेची नळी वेगळी, करड्या टोपणाची असते.

रामबागवाला
आता हलवण्याबद्दल, हा भाग फार राहून जातो. दाखल होतानाच विचारा: 'बिघडलं तर कुठे पाठवता, कुणाशी बोलणं असतं, आणि सोबत कोण येतं?' 'एम.वाय.ला (मोठ्या सरकारी रुग्णालयात) घेऊन जा' एवढंच उत्तर अपुरं आहे. निघण्याआधी समोरच्या हॉस्पिटलात खाट आहे का हा फोन डॉक्टरांनी करायचा. चिठ्ठीवर दिलेली औषधं वेळेसकट, शेवटचं बीपी, लघवी किती, कोणता तपास बाकी आहे हे हवं. अँब्युलन्समधला सिलिंडर निघतानाच गेज बघून घ्या, वरचा हिशेब लावा, आणि लागेल त्याच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा असू द्या.

राजवाडा, सराफा, खजुरी बाजार इकडच्या गल्ल्यांतलं नर्सिंग होम असेल तर पंचांगही बघा. रंगपंचमीच्या गेरीला (रंगांच्या मिरवणुकीला) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री तो भाग अँब्युलन्सला बंदच असतो. ठरवून करायचं ऑपरेशन त्या तारखांच्या दोन दिवस आधीपासून टाळावं, कारण ऑपरेशननंतरचा रक्तस्राव बहुधा तेवढ्याच काळात डोकं वर काढतो.

गेज_आणि_व्हॉल्व्ह
बरोबर. आणि अँब्युलन्सच्या सिलिंडरला लागणारा फ्लोमीटर कित्येकदा गाडीत नसतो. सिलिंडर भरलेला आणि लावायला काही नाही, असं होतं. ह्युमिडिफायरच्या बाटलीसकट फ्लोमीटर लावून, मास्कमधून हवा येते का हे गालाला लावून बघा आणि मगच स्ट्रेचर उचला.

तिलकनगर_४
हे छापून घेतलं. फ्रिजचा कागद आणि मागचं दार उद्याच बघून येते.

वॉर्डसिस्टर
जा, पण दुपारी दोनला जाऊ नकोस, तेव्हा पाळी बदलते आणि कुणालाच वेळ नसतो. रात्री साडेदहा.